कलावंतांची बैठक : एकमेकांच्या नजरेतून शिक्षण

मुंबईहून अहमदाबादकडे जाणारा महामार्ग दहिसरची हद्द ओलांडून ठाणे जिल्ह्यात शिरला की काशीमीऱ्याचा नाका लागतो. घोडबंदरमार्गे ठाण्याकडे जाणारा रस्ता येथेच फुटतो. एका अंगाला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे वन व त्याच्या कडेचे आदिवासी पाडे, तर दुसऱ्या अंगाला कारखान्यांचे गाळे, चाळी आणि उंच इमारती असे या वस्तीचे रूप आहे. काशी आणि मीरा ही एके काळची खेडी. 1985 मध्ये येथील ग्रामपंचायती एकत्र करून मीरा-भाईंदर नगरपालिका स्थापन झाली आणि 28 फेब्रुवारी 2002 रोजी तिचे महानगरपालिकेत रूपांतर झाले. एका पिढीच्या डोळ्यांदेखत गावाचे शहर झाले.

अशा झपाट्याने वाढलेल्या वस्तीत हाताला कला असलेली माणसे कमी नसतात. गणेशमूर्ती रंगविणारा कारागीर, दुकानांच्या पाट्या लिहिणारा रंगारी, सणावारी दारात रांगोळी काढणारी गृहिणी, पाड्यावर भिंत रंगविणारी वारली स्त्री, शाळेतील चित्रकला शिक्षक आणि वहीच्या मागच्या पानांवर चित्रे काढणारा विद्यार्थी हे सारे एकाच रस्त्याने ये-जा करतात. परंतु एकाचे काम दुसऱ्याने निवांतपणे पाहावे आणि त्याविषयी मोकळेपणाने दोन शब्द बोलावेत, असा प्रसंग क्वचितच येतो. कलेची साधने आज पूर्वीपेक्षा सुलभ झाली आहेत. उणीव आहे ती जाणत्या नजरेची आणि त्या नजरेसमोर काम ठेवण्याच्या सवयीची.

कला ही एकांतात साधण्याची गोष्ट आहे, अशी एक समजूत आपल्याकडे रूढ आहे. ती अर्धीच खरी आहे. चित्र काढताना कलावंत एकटा असतो. पण चित्रातील दोष आणि गुण त्याला कळतात ते बहुधा दुसऱ्याच्या डोळ्यांनी. नवशिके आणि जाणते एकत्र बसून परस्परांचे काम पाहतात, तेथे कला लवकर वाढते, हा महाराष्ट्राचा स्वतःचा अनुभव आहे. या अनुभवाची दोन टोके एकमेकांपासून दूर आहेत. एक आहे उत्तर कोकणातील वारली घराची भिंत आणि दुसरे आहे मुंबईतील एका चित्रकाराचा दिवाणखाना.

भिंतीवरील पाठशाळा

डहाणू, तलासरी या तालुक्यांतील आणि लगतच्या प्रदेशातील वारली समाजात विवाहाच्या वेळी घराच्या आतील भिंतीवर ‘चौक’ लिहिण्याची प्रथा आहे. हे तालुके पूर्वी ठाणे जिल्ह्यात होते. 1 ऑगस्ट 2014 पासून ते नव्या पालघर जिल्ह्यात आले. शेणामातीने सारविलेल्या आणि गेरूने रंगविलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगाने हा चौक काढतात. बांबूच्या काडीचे टोक ठेचून कुंचला तयार करतात. चौकाच्या मध्यभागी पालघट देवीची स्थापना असते. चौक लिहिण्याचा मान परंपरेने सुवासिनींचा, आणि लग्नविधीतील गीते गाणारी धवलेरीही स्त्रीच असते.

या प्रथेकडे शिक्षणाच्या दृष्टीने पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. चौक हे एका व्यक्तीचे चित्र नव्हे. अनेक स्त्रिया मिळून ते काढतात आणि घरातील, पाड्यातील माणसे ते पाहत असतात. वयस्क स्त्रीची रेषा आणि नुकत्याच लग्न झालेल्या मुलीची रेषा एकाच भिंतीवर शेजारी उमटते. त्यामुळे हात कोठे अडखळला हे वेगळे सांगावे लागत नाही. तुलना डोळ्यांसमोरच असते. येथे वर्ग नाही, पाठ्यपुस्तक नाही आणि परीक्षाही नाही. तरीही त्रिकोण, वर्तुळ आणि चौकोन या मोजक्या आकारांतून माणूस, झाड, पशू आणि पक्षी उभे करण्याची विद्या एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे अखंड चालत आली.

1970 च्या दशकाच्या आरंभी चित्रकार भास्कर कुलकर्णी या भागात आले. त्यापूर्वी बिहारमधील मधुबनी येथे भिंतीवरील चित्रे कागदावर आणण्याच्या कामात त्यांचा मोठा वाटा होता. वारली पाड्यांवरही त्यांनी कागद आणि रंग नेले. या कामातून डहाणू तालुक्यातील गंजाड येथील जिव्या सोमा मशे यांचे नाव पुढे आले. विवाहविधीपुरती मर्यादित असलेली कला मशे यांनी रोजच्या साधनेचा विषय केली. मासेमारीचे जाळे, मुंग्यांचे वारूळ, भातशेती, तारपा नृत्य हे सारे त्यांच्या चित्रांत आले. 1976 मध्ये त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि 2011 मध्ये ‘पद्मश्री’ने त्यांचा गौरव झाला. 2018 मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचे पुत्र सदाशिव आणि बाळू हेही चित्रकार म्हणून ओळखले जातात.

कागद आल्याने कलावंताला नाव मिळाले, पैसा मिळाला आणि दूरदेशीचे रसिक लाभले. हा लाभ मोठा आहे व त्याचे मोल कमी लेखता येणार नाही. 2014 मध्ये वारली चित्रकलेची भौगोलिक उपदर्शन म्हणून नोंदही झाली. तथापि कागदाबरोबर एक बदल नकळत घडून आला. भिंतीसमोर अनेक जाणत्या स्त्रिया असत. कागदासमोर कलावंत एकटा बसतो आणि त्याच्या कामावर मत देतो तो गिऱ्हाईक. गिऱ्हाईक काय खपेल ते सांगतो. रेषा कोठे सैल पडली, हे तो सांगेलच असे नाही. म्हणून पाड्यावरील तरुण चित्रकारांनी आपली कामे पुन्हा आपल्याच जाणत्या मंडळींसमोर, विशेषतः वडीलधाऱ्या स्त्रियांसमोर मांडावीत, याची आवश्यकता आज पूर्वीपेक्षा अधिक आहे.

मुंबईतील रविवार

दुसरे उदाहरण मुंबईतील आहे. 1938 मध्ये वॉल्टर लँगहॅमर नावाचे ऑस्ट्रियन चित्रकार नाझी राजवटीमुळे मायदेश सोडून मुंबईत आले आणि टाइम्स ऑफ इंडिया या वृत्तपत्राच्या कलाविभागाचे प्रमुख झाले. नेपियन सी रोडवरील त्यांच्या घरी रविवारी तरुण चित्रकारांचा मेळावा भरत असे. 1933 मध्ये जर्मनीतून आलेले कलासमीक्षक रुडॉल्फ फॉन लायडन आणि व्हिएन्नाहून आलेले चित्रसंग्राहक इमॅन्युएल श्लेसिंगर यांचाही या तरुणांशी निकटचा संबंध होता. युरोपातील चित्रांच्या प्रतिकृती पाहणे, त्यांवर बोलणे आणि स्वतःची कामे दाखविणे असा या भेटींचा साधा क्रम होता.

तेथे येणाऱ्या आणि त्या वर्तुळात वावरणाऱ्या तरुणांची पार्श्वभूमी पाहिली म्हणजे या रविवारचे महत्त्व कळते. सय्यद हैदर रझा यांनी नागपूरच्या कलाशाळेत शिक्षण घेतले होते आणि पोटासाठी ते मुंबईत एका ब्लॉक स्टुडिओत काम करीत. पंढरपुरात जन्मलेले मकबूल फिदा हुसेन चित्रपटांचे फलक रंगवीत. हरी अंबादास गाडे हे अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरचे, विज्ञानाचे पदवीधर. सदानंद बाकरे हे सर ज. जी. कलाशाळेत शिकलेले शिल्पकार. गोव्याचे फ्रान्सिस न्यूटन सूझा यांना त्याच कलाशाळेतून 1945 मध्ये काढून टाकण्यात आले होते.

या सर्वांत कृष्णाजी आरा यांची कथा शिक्षकांनी मुद्दाम लक्षात ठेवावी अशी आहे. हैदराबादजवळील बोलारम येथे जन्मलेले आरा लहानपणीच मुंबईत आले. त्यांनी घरगडी म्हणून काम केले, मोटारी धुतल्या आणि मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगवासही भोगला. उरलेल्या वेळात ते चित्रे काढीत. फॉन लायडन यांच्या दृष्टीस ती चित्रे पडली. त्यांनी आरांना केवळ शाबासकी देऊन परत पाठविले नाही. केतकरांच्या कलासंस्थेत त्यांच्या शिक्षणाची सोय केली. तेथे आरांनी रेखाकलेची श्रेणी परीक्षा दिली. 1942 मध्ये मुंबईतील ‘चेतना’ उपाहारगृहात त्यांचे पहिले प्रदर्शन भरले आणि 1944 मध्ये त्यांना गव्हर्नरांचे पारितोषिक मिळाले. मोटारी धुणाऱ्या तरुणाच्या कामाकडे एका समीक्षकाने गांभीर्याने पाहिले, आणि एक चित्रकार घडला.

1947 मध्ये सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे या सहा जणांनी ‘प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप’ स्थापन केला. त्यांची शैली एक नव्हती, शिक्षण एक नव्हते आणि आर्थिक स्थितीही सारखी नव्हती. परस्परांचे काम पाहणे आणि त्याविषयी स्पष्ट बोलणे हा त्यांना बांधणारा मोठा धागा होता. 1949 मध्ये रॅम्पार्ट रो येथील बॉम्बे आर्ट सोसायटीच्या दालनात त्यांचे प्रदर्शन झाले व लेखक मुल्कराज आनंद यांनी त्याचे उद्घाटन केले. पुढे सूझा लंडनला आणि रझा पॅरिसला गेले, नवे सहकारी आले, आणि 1956 च्या सुमारास हा गट विसर्जित झाला. गट अल्पायुषी ठरला. पण त्याने आधुनिक भारतीय चित्रकलेला दिलेली दिशा टिकून राहिली.

आरा यांनी तर हा वसा अखेरपर्यंत सोडला नाही. रॅम्पार्ट रोवरील ‘आर्टिस्ट्स सेंटर’ या संस्थेशी ते दीर्घकाळ निगडित होते आणि नव्या चित्रकारांना पुढे आणण्यासाठी तेथे झटत राहिले. 1985 मध्ये त्यांचे निधन झाले. ज्याला एके काळी दुसऱ्याच्या नजरेने हात दिला, त्याने पुढे तीच नजर इतरांना दिली.

परखड अभिप्रायाचे मोल

अभिप्राय म्हणजे स्तुती नव्हे, तसेच दोषदर्शनही नव्हे. याचे एक बोलके उदाहरण रझा यांच्याच जीवनात आढळते. 1948 मध्ये रझा काश्मीरमध्ये चित्रे काढीत असताना त्यांची भेट जगप्रसिद्ध फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांच्याशी झाली. रझा त्या वेळी अगदीच नवखे नव्हते. 1946 मध्ये मुंबईत त्यांचे स्वतंत्र प्रदर्शन झाले होते. कार्तिए-ब्रेसाँ यांनी चित्रे पाहून त्यांच्या गुणवत्तेची कदर केली. मात्र चित्रांत रचनेचा अभाव आहे, असे त्यांनी स्पष्टपणे सांगितले आणि सेझान या फ्रेंच चित्रकाराचा अभ्यास करण्याचा सल्ला दिला.

रझांनी हे बोलणे मनावर घेतले. ते फ्रेंच भाषा शिकले, फ्रेंच शासनाची शिष्यवृत्ती मिळवून 1950 मध्ये पॅरिसला गेले आणि तेथील राष्ट्रीय कलाशाळेत त्यांनी अध्ययन केले. 1956 मध्ये फ्रान्समधील समीक्षकांचे मानाचे पारितोषिक त्यांना मिळाले. त्यांच्या नंतरच्या चित्रांतील भूमितीची शिस्त आणि बिंदूभोवती उभी राहणारी रचना पाहिली म्हणजे त्या काश्मीरमधील संभाषणाचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही.

या अभिप्रायात तीन गुण दिसतात. तो चित्राविषयी होता, चित्रकाराच्या योग्यतेविषयी नव्हता. त्यात नेमका दोष सांगितला होता. ‘आणखी प्रयत्न करा’ असे मोघम बोलणे नव्हते. आणि दोष दाखविल्यानंतर पुढे काय पाहावे याचा मार्गही दाखविला होता. शिवाय अभिप्राय देणारी व्यक्ती चित्रकार म्हणून नव्हे, तर छायाचित्रकार म्हणून ख्यात होती. यावरून असे दिसते की, चित्राविषयी उपयुक्त बोलण्यासाठी मनुष्य त्याच कलेतील असावा लागतो असे नाही. त्याला पाहता आले पाहिजे.

श्रेणी कळते, कारण कळत नाही

महाराष्ट्रात कलाशिक्षणाची चौकट जुनी आणि भक्कम आहे. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून 1857 मध्ये मुंबईत कलाशाळा सुरू झाली. 1888 मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटी आणि 1918 मध्ये आर्ट सोसायटी ऑफ इंडिया या संस्था स्थापन झाल्या. राज्याच्या कला संचालनालयातर्फे घेण्यात येणाऱ्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षा तर खेड्यापाड्यांतील शाळांपर्यंत पोहोचल्या आहेत. स्मरणचित्र, संकल्पचित्र, स्थिरचित्र, अक्षरलेखन या शब्दांशी महाराष्ट्रातील असंख्य कुटुंबांचा परिचय झाला तो या परीक्षांमुळेच.

परीक्षेचे कार्य मोजमाप करण्याचे असते आणि ते आवश्यक आहे. परंतु निकालपत्रात विद्यार्थ्याला श्रेणी कळते. ती का मिळाली हे कळत नाही. स्थिरचित्रातील तांब्याची कड वाकडी आली, की छाया चुकीच्या बाजूला पडली, की सारे चित्र कागदाच्या एका कोपऱ्यात दाटले, हे सांगणारे कोणी नसेल तर ‘क’ श्रेणी मिळालेला मुलगा आपल्याला कला येत नाही असे समजून कुंचला खाली ठेवतो. ‘अ’ श्रेणी मिळालेला मुलगा आपल्याला सर्व येते असे समजतो. नुकसान दोघांचेही होते. इंटरमिजिएट परीक्षा संपल्यावर तर कलाशाळेत न जाणाऱ्या बहुसंख्य मुलांचे चित्र पाहणारे कोणीच उरत नाही. हीच पोकळी गावातील आणि वस्तीतील कलावंतांच्या बैठकीने भरून काढता येईल.

बैठक कशी घ्यावी

अशा बैठकीला मोठा खर्च लागत नाही. महिन्यातून एका रविवारी शाळेचा वर्ग, ग्रामपंचायतीचे सभागृह, वाचनालय किंवा समाजमंदिर दोन तासांसाठी उपलब्ध असावे. एक दोरी, काही चिमटे आणि पुरेसा उजेड एवढी सामग्री पुरे. दहा ते पंधरा माणसे असावीत. त्याहून अधिक झाल्यास प्रत्येकाच्या कामाकडे लक्ष देता येत नाही. मात्र ही माणसे एकाच थरातील नसावीत. विद्यार्थी, शिक्षक, मूर्तिकार, पाट्या रंगविणारा, रांगोळी काढणारी आणि पाड्यावरील चित्रकार यांचा त्यात समावेश व्हावा.

प्रत्येकाने एकच काम आणावे. ते दोरीवर टांगून प्रथम काही मिनिटे सर्वांनी शांतपणे पाहावे. बोलण्याचा क्रम वयाने किंवा अनुभवाने लहान असलेल्यापासून सुरू करावा. ज्येष्ठ व्यक्ती आधी बोलली, तर तिच्या मताला मान डोलावण्याखेरीज इतरांना काही उरत नाही. उलट, सहावीतील मुलीने ‘या चित्रातली बाई चालते आहे की उभी आहे ते कळत नाही’ असे म्हटले, तर ते अनुभवी चित्रकारालाही विचार करावयास लावते. नवशिक्याला दोषाचे नाव ठाऊक नसते, पण दोष दिसतो. त्याला नाव देण्याचे काम जाणत्याने करावे.

बोलताना तीन प्रश्न समोर ठेवणे सोयीचे ठरते : चित्रात काय दिसते? नजर कोठे अडते? एकच बदल करावयाचा झाल्यास तो कोणता? या वेळी चित्रकाराने स्वतःच्या कामाचे समर्थन करू नये, केवळ ऐकावे. शेवटी त्याने आपल्याला काय पटले व आपण काय करून पाहणार ते सांगावे. एका वहीत त्याची नोंद ठेवावी आणि पुढील महिन्यात तेच चित्र नव्याने काढून आणावे. जुने आणि नवे चित्र शेजारी टांगले की सुधारणा सर्वांना दिसते, आणि ज्याने सूचना केली त्यालाही आपली सूचना कितपत योग्य होती हे कळते. शिकणे दोन्ही बाजूंनी होते ते येथे.

काही पथ्ये

या कामात काही पथ्ये पाळणे अगत्याचे आहे. बैठकीत क्रमांक आणि बक्षिसे नसावीत. बक्षीस आले की माणूस आपले सर्वोत्तम चित्र आणतो. बैठकीत यावयास हवे ते अडलेले चित्र. मुलांच्या कामाविषयी बोलताना हसणे, नक्कल करणे किंवा दुसऱ्या मुलाशी तुलना करणे कटाक्षाने टाळावे. भाषा घरगुती असावी. आदिवासी वा अन्य बोलीत बोलणाऱ्याला प्रमाण मराठी येत नाही म्हणून गप्प बसावे लागू नये.

आदिवासी चित्रांच्या बाबतीत विशेष विवेक हवा. कागदावरील मांडणी, रेषेची जाडी किंवा रंगाचा दाटपणा यांविषयी कोणीही बोलावे. परंतु देवतेचे रूप, चौकाची रचना किंवा विधीशी निगडित चिन्हे यांत काय योग्य हे सांगण्याचा अधिकार त्या समाजातील जाणत्यांचाच आहे. वारली स्त्रीला बैठकीला बोलवावयाचे ते ‘लाभार्थी’ म्हणून नव्हे, तर ज्या विद्येत ती जाणती आहे त्या विद्येची शिक्षिका म्हणून. तिच्या सोयीची वेळ आणि जागा ठरविणे हेही आयोजकांचे कर्तव्य होय.

अधिकारी आणि पंचायत सदस्य यांचे साहाय्य मोलाचे आहे, पण ते मर्यादित असावे. जागा देणे, ती ठरलेल्या दिवशी उघडी मिळेल हे पाहणे आणि वर्षातून एकदा गावकऱ्यांसाठी या कामांचे प्रदर्शन भरविणे एवढे केले तरी पुष्कळ झाले. दोन तासांतील एक तास स्वागत आणि भाषणात गेला, तर बैठकीचा हेतूच विफल होईल. लँगहॅमर यांच्या घरी सभापती नव्हता, आणि लग्नघरातील भिंतीसमोरही तो कधी नव्हता.

काशीमीऱ्याच्या नाक्यावरून दररोज हजारो माणसे जातात आणि बहुतेकांना एकमेकांची नावेही ठाऊक नसतात. नव्याने वसलेल्या प्रत्येक वस्तीची हीच स्थिती आहे. तेथील एखाद्या शाळेच्या वर्गात रविवारी दोरी बांधली गेली आणि पाड्यावरील आजी, पाट्या रंगविणारा तरुण व इंटरमिजिएटला ‘क’ श्रेणी मिळालेला मुलगा एका चित्रासमोर उभे राहिले, तर त्यातून प्रत्येक वेळी एखादा आरा निर्माण होईल असे नाही. परंतु त्या मुलाला आपली रेषा कोठे चुकली ते कळेल आणि तो पुढच्या महिन्यात नवे चित्र घेऊन येईल.